घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांसाठी मंडळाने पैसे कुठे घालावेत?

प्रश्न : गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात आमचं क्रीडा आणि सांस्कृतिक मंडळ आहे. दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार करतो. यंदा एका दात्याने पन्नास हजार रुपये दिलेत. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा मुलांना शिष्यवृत्ती द्यावी असं ठरतंय. निवड कशी करावी, प्रत्येकी किती द्यावेत? आणखी एक कोडं आहे. बारावीला बरे गुण मिळवून कॉलेजात गेलेली मुलं वर्षा-दीड वर्षात घरी येऊन का बसतात? विचारलं तर धड कारणही सांगत नाहीत.

उत्तर :

आधी कोड्याचं बोलू, कारण ते उलगडलं की पैशांचं काय करायचं ते तुम्हीच ठरवाल.

मी साऱ्या नोकरीत कॉलेजात शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं विद्यार्थी कल्याणाचं काम पाहिलं. कॉलेज सोडणारी मुलं कारण सांगत नाहीत, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. सांगत नाहीत, कारण सांगण्याजोगं एक असं कारणच नसतं. वडील आजारी पडले, फी भरायला पैसे नव्हते, असं काही घडलेलं असतं तर मुलाने सांगितलं असतं. घडतं ते फार बारीक असतं. कदंबाचा, म्हणजे इथल्या सरकारी बसचा पास वेळेवर काढला नाही, म्हणून आठवडाभर सुट्या पैशांनी प्रवास झाला. मग दोन दिवस दांडी पडली. त्या दोन दिवसांतच आयएसएची, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेची तारीख फळ्यावर लिहून झाली. परीक्षा चुकली. चुकलेली परीक्षा पुन्हा देता येते का, हे विचारायला सरांच्या कॅबिनकडे जायचं, तर दाराशी जाऊन मुलगा परत फिरला, कारण आत आणखी दोन सर बसले होते. मग चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वर्गात जायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ती आणखी वाढली. यातलं ‘कारण’ कोणतं म्हणून तो सांगणार?

याच गोष्टी डॉक्टरांच्या किंवा शिक्षकांच्या मुलाच्याही बाबतीत घडतात. तोही आयएसए चुकवतो. फरक इतकाच की संध्याकाळी जेवताना त्याची आई विचारते, “मग सरांना भेटलास का? अर्ज दे एक, वैद्यकीय दाखला जोड.” तिला कॉलेजचं आतलं सगळं माहीत असतं असं नाही, पण असल्या ठिकाणी अर्ज चालतो, सर विचारल्यावर खात नाहीत, एवढं तिला माहीत असतं. ज्या घरात हे वाक्य बोलणारं कुणी नाही, त्या घरचं मूल म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते मूल. हुशारी, कष्ट, आई-बापांची माया यांत ते कुठेच कमी नसतं.

गोव्यात अशी घरं इतकी का, हे मंडळातल्या तरुणांना एकदा सांगून ठेवा. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाली तेव्हा इथे १८४२ पासूनची वैद्यकीय शाळा होती, पण बी.ए., बी.एस्सी. करायला एकही कॉलेज नव्हतं. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले ही दोन्ही कॉलेजं १९६२ सालची. डिसेंबर १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं आणि गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. सत्तरी, सांगे, काणकोणच्या वाड्यांवर पाटी-पेन्सिल पहिल्यांदा पोचली ती तेव्हा. गोवा विद्यापीठ व्हायला १९८५ साल उजाडलं. म्हणजे आजी-आजोबांनी अंगठा लावला, आई-बाबा चौथी-सातवी, फार तर दहावीपर्यंत पोचले आणि नातवंडं आता साखळीच्या, खांडोळ्याच्या, फर्मागुडीच्या कॉलेजात जातात. साठ वर्षांत एवढी मजल म्हणजे थोडी नाही. पण पुढच्या टप्प्याचं आतलं ज्ञान वारशाने यायला मध्ये एक पिढी जावी लागते, आणि ती पिढी सध्या तुमच्या गावात सतरा-अठरा वर्षांची आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढंच असेल तर मार्गदर्शन शिबिर घेऊ. पणजीहून एखादा वक्ता बोलावू, माहितीपत्रक छापू. घ्यायचं तर घ्या, चहा-समोसेही द्या, पण त्यावर भिस्त ठेवू नका. अमेरिकेत याचा एक चांगला प्रयोग झालेला आहे. तिथे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदत मिळवायला तेव्हा एक किचकट अर्ज भरावा लागे. ओहायो आणि उत्तर कॅरोलायना राज्यांत कमी उत्पन्नाची काही कुटुंबं प्राप्तिकराचं विवरणपत्र भरायला एका कंपनीच्या कार्यालयांत येत. संशोधकांनी त्यांतल्या काहींना नुसती माहिती दिली : तुमच्या मुलाला अमुक मदत मिळू शकते, जवळच्या कॉलेजची फी अमुक आहे. काहींच्या बाबतीत मात्र कर्मचाऱ्याने तिथल्या तिथे बसून दहाएक मिनिटांत तो अर्जच भरून दिला. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसती माहिती मिळालेल्यांत काही फरक पडला नाही. अर्ज भरून मिळालेल्या घरांतल्या मुलांत पुढच्या तीन वर्षांत सलग दोन वर्षं कॉलेजात टिकणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलं. ही सगळी किमया शेजारी बसलेल्या माणसाची.

आपल्याकडे तो अर्ज म्हणजे राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल आणि त्यामागची दाखल्यांची माळ. उत्पन्नाचा दाखला मामलेदारांकडून, रहिवासी दाखला मामलेदारांकडून, जातीचा दाखला उपजिल्हाधिकाऱ्यांकडून. तलाठ्याचा अहवाल, पंचायतीचं पत्र हे वेगळंच. अनुसूचित जमातींच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. गावडा, कुणबी, वेळीप समाजांना गोव्यात २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, म्हणजे आज कॉलेजात जाणारी मुलं त्यानंतर जन्मलेली. तरीही घरातल्या कुणाचाच दाखला काढलेला नाही, अशी घरं मी पाहिली आहेत. जातीची अट नसलेली केंद्राची एक शिष्यवृत्ती आहे. बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असणाऱ्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलांना पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. पैसा अगदीच नाही असं नाही, मुलं वाटेत अडतात.

कुठे अडतात ते जवळून दाखवते. एक मुलगी माझ्याकडे आली. पोर्टलवर तिच्या अर्जापुढे पैसे जमा झाल्याचं दिसत होतं, पासबुकात मात्र एक रुपया नव्हता. बँकेत दोनदा जाऊन आली होती. बँकवाल्यांनी ‘आमच्याकडे काही आलेलं नाही’ असं सांगून पाठवलं होतं आणि ते खरंही होतं. चार महिने तिने गप्प राहून काढले. आपला अर्ज कुणीतरी नापास केला असावा, अशी तिची समजूत. आधारच्या संकेतस्थळावर तिच्या नंबराला कोणती बँक जोडलेली आहे ते पाहिलं, तर भलतंच नाव. अकरावीत असताना सिम कार्ड घ्यायला ती एका दुकानात गेली होती. दुकानदाराने अंगठा घेता घेता मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत तिचं खातं उघडलं होतं. सरकारचा थेट लाभ आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, पासबुक कुठलं आहे ते तो पाहत नाही. पैसे तिच्याच नावावर, तिच्याच फोनमध्ये चार महिने पडून होते. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर उधारीचा हिशेब होता : झेरॉक्स, पास, मैत्रिणीचे दोनशे.

दुसरी खोड म्हणजे नावं. सत्तरीत निम्मं गाव गावकर, गावस आणि नाईक. गावकरच्या इंग्रजी स्पेलिंगात कुणाच्या दाखल्यावर ‘ओ’, कुणाच्या आधार कार्डावर ‘यू’, शाळेच्या दाखल्यावर शेवटी ‘ईआर’. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आजोबांच्या नावासकट, आधारावर नुसतं. पोर्टलवरचा संगणक काही गावकर ओळखत नाही. त्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं. हे दुरुस्त करायला आठवडे लागतात. म्हणून कागद बारावीच्या परीक्षेआधी, दिवाळीच्या सुट्टीत तपासायचे. मंडळाच्या खोलीत एका रविवारी टेबल टाका. प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि चारही ठिकाणचं नाव अक्षर अक्षर जुळवून बघा. आधारला कोणती बँक जोडली आहे तेही तिथेच पाहून घ्या. एवढं एक काम नीट केलंत, तरी दात्याच्या पन्नास हजारांहून जास्त सरकारी पैसे गावात येतील.

आणि शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने चालू ठेवावी लागते. पहिल्या वर्षी शाळेतल्या सरांनी धडपड करून भरून दिलेली असते, दुसऱ्या वर्षी कुणी आठवण करत नाही. वर सांगितलेल्या केंद्राच्या शिष्यवृत्तीला पुढच्या वर्षासाठी पन्नास टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे चवथीनंतरची ती आठ-दहा दिवसांची दांडी इथेही भोवते.

आता पैशांचं. पन्नास हजार दहा मुलांत वाटले तर प्रत्येकाला पाच हजार. स्टेजवर पाकीट, नारळ, फोटो. त्या पाच हजारांतून घरी चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची आरास, आणि सामान येतं, आणि त्यात चूक काही नाही, घरात गरज असतेच. पण डिसेंबरमध्ये परीक्षेच्या फॉर्मला पैसे कमी पडतात तेव्हा मंडळ आणि दाता दोघेही आपापल्या घरी असतात. माझा सल्ला असा : पैसे वाटू नका, हाताशी ठेवा. त्यातले पस्तीसेक हजार तातडीच्या मदतीसाठी बाजूला काढा. परीक्षा फी, बसचा पास, प्रयोगशाळेचा कोट, चष्मा, फोनची फुटलेली काच, जुनं पाठ्यपुस्तक असले दोन-तीन हजारांच्या आतले खर्च. मागितल्यापासून दोन दिवसांत पैसे हातात पडले पाहिजेत. अर्ज नको, बैठक नको. दोघांच्या सह्या आणि एक वही पुरे. कुणाला काय दिलं ते वहीबाहेर जाता कामा नये. छोट्या गावात हे अवघड असतं. म्हणून वही सांभाळायला कमी बोलणारा माणूस बघा. मदत म्हणायची, कर्ज नाही. पुढे नोकरी लागल्यावर कुणी आपणहून आणून दिले तर वहीत जमा करायचे.

सत्कार बंद करा असं मी म्हटलं तर गावात तुम्हाला त्रास होईल, म्हणून म्हणत नाही. पण एक विनंती करते. सत्कार होतो तो ८५ टक्केवाल्यांचा. त्यांच्यातली बहुतेक मुलं तशीही टिकतात, शिक्षकांचं त्यांच्याकडे लक्ष असतं. गळतात ती ४५ ते ६० टक्केवाली. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. तुम्ही निवड करूच नका. बारावी पास झालेल्या सगळ्यांची यादी करा. ज्यांच्या आई-वडिलांपैकी कुणीही कॉलेजात गेलेलं नाही, त्यांच्या नावापुढे खूण करा, झाली निवड. पॉलिटेक्निकला गेलेल्यांनाही घ्या. मये, आल्तिनो, कुडचडे इथून पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं. उत्पन्नाची अट लावायच्या भानगडीत पडू नका. पिसुर्ले-होंड्याकडच्या एखाद्या घराला स्लॅब दिसेल, दारात ट्रकही दिसेल. मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्यापासून तो ट्रक किती दिवस हलला आणि त्याच्यावर बँकेचं किती कर्ज होतं, ते बाहेरून कळत नाही.

खरी गुंतवणूक माणसांची. तुमच्या गावातून शिकून बाहेर पडलेले लोक असणारच : एखादी नर्स, शिक्षक, बँकेतला क्लार्क, वीज खात्यातला कनिष्ठ अभियंता. अशा एकेकाला तीन-चार मुलं वाटून द्या. त्याला मार्गदर्शक वगैरे मोठं नाव नको. दादा किंवा ताई म्हणून तो फोन करील, रविवारी भेटेल. त्याने ‘अभ्यास कसा चाललाय’ असं कधीही विचारू नये. त्याचं उत्तर ‘बरा’ एवढंच असतं. विचारायचं ते असं : पुढची आयएसए कुठल्या विषयाची, किती तारखेला? मागच्यात किती पडले? हजेरी किती टक्के लागली आहे? पास संपतो कधी? वर्गात कुणाच्या शेजारी बसतोस? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला दोन महिन्यांनंतरही या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, त्याची काळजी करा.

याला आधार आहे. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाने २००७ पासून दोन वर्षांच्या पदवीसाठी एक योजना चालवली. फीमधली तूट भरून दिली, पुस्तकं दिली, मेट्रोचा पास दिला, शिकवणी दिली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला सल्लागार दिला. इतर विद्यार्थ्यांच्या सल्लागाराकडे सहाशे ते दीड हजार मुलं असत, या योजनेत साठ-ऐंशी. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडून तपासलं, तर तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे साध्या गटात २२ टक्के आणि या गटात ४० टक्के निघाले. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. मेट्रोचा पास फुकट होता, पण तो हातात पडायचा योजनेतल्या अटी पाळल्यावर, आणि सल्लागाराची भेट ही त्यांतली एक अट. तुम्ही तसंच करा. कदंबाच्या पासाचे पैसे मंडळ देईल, महिन्याच्या पहिल्या रविवारी दादाला किंवा ताईला भेटून न्यायचे. मुलाला येण्यासाठी निमित्त मिळतं, मदत मागायला आल्यासारखं वाटत नाही.

आता काही विशिष्ट खड्डे, आपल्या भागातले.

भाषेचा. तुमची मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पाचवीपासून पुस्तकं इंग्रजी. पण बारावीपर्यंत शिक्षक कोकणी-मराठीतून समजावून सांगत असतात, त्यामुळे गाडी चालते. कॉलेजात सगळं व्याख्यान इंग्रजीत, आणि चाळीस पानांचं प्रकरण स्वतः वाचायचं. इथे लोक ‘इंग्लिश स्पीकिंग’च्या क्लासला पैसे घालतात. मला तो सरळ वाया गेलेला पैसा वाटतो. मुलाला मुलाखत द्यायची नाहीये, त्याला अर्थशास्त्राचा परिच्छेद वाचून त्याचं उत्तर लिहायचंय. मे महिन्यात सुट्टीवर आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना बसवा. पहिल्या सत्राच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण त्यांनी धाकट्यांना मराठीत समजावून सांगावं, मग धाकट्यांनी त्याचं एक पान इंग्रजीत लिहून दाखवावं. चुका होऊ द्या. चार रविवार असं झालं तरी जूनमध्ये वर्गात बसलेलं मूल वेगळं दिसतं. शिवाय मोठ्या मुलांना आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो हे कळतं, आणि तीही टिकतात.

वेळापत्रकाचा. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२३-२४ पासून आपल्याकडच्या कॉलेजांत मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्याचा, मूल्यवर्धित असे विषय वेगवेगळ्या गटांतून निवडायचे असतात. मुलं मैत्रीण घेते तो विषय घेतात. मग कळतं की एक तास सकाळी आठला आणि प्रॅक्टिकल संध्याकाळी साडेचारपर्यंत. वाळपईपर्यंत बस मिळते, पुढे ठाणे, म्हाऊस अशा गावांकडे जायला काही नाही. मुलींच्या बाबतीत हाच प्रश्न घरच्यांच्या तोंडून ‘उशीर होतो’ असा येतो आणि तिथेच कॉलेज संपतं. प्रवेशाच्या दिवशीच विषयाबरोबर तास आणि बस दोन्ही कागदावर मांडून बघा. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडताना लांबच्या मुलांना लवकरची बॅच द्या, असं विभागप्रमुखांना सांगितलं तर बहुतेक जण ऐकतात. त्यांना सांगायला कुणी जात नाही, एवढंच.

हंगामाचा. दुसऱ्या सत्राची परीक्षा आणि काजूचा हंगाम एकत्र येतात. मार्चपासून पहाटे बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करायला घरातले सगळे हात लागतात, ज्यांची फेणीची भट्टी आहे त्यांच्याकडे तर झोपही नसते. बापाला ‘मुलाला काम सांगू नका’ असं उपदेशून काही होत नाही, वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत असते. पण परीक्षेचं वेळापत्रक घरात भिंतीला लावलं आणि दादाने येऊन ‘या पाच दिवशी तो नाही’ असं आधी सांगितलं, तर बहुतेक घरं सांभाळून घेतात. आई-बापाचा विरोध असतो हा समज मला कधीच पटला नाही. त्यांना परीक्षा नेमकी कधी आणि किती महत्त्वाची, हे कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून उरलेल्या पंधरा हजारांतून एक बस ठरवा आणि जूनच्या सुरुवातीला आई-वडिलांना कॉलेज दाखवून आणा. वर्ग, ग्रंथालय, कॅन्टीन, मुलींचं प्रसाधनगृह, बसस्टॉप. कॉलेजच्या कार्यालयातल्या एका माणसाचं नाव आणि चेहरा त्यांना कळू द्या. प्राचार्यांचं भाषण दहा मिनिटांवर जाऊ देऊ नका. बारावीपर्यंत शाळेच्या फाटकाशी उभे राहिलेले पालक असतात हे. एकदा आत जाऊन आले की पुढे ‘सर, मी अमक्याची आई’ असा फोन त्या करतात. असे फोन मला आलेले आहेत, आणि त्या प्रत्येक फोनने ते मूल कॉलेजात धरून ठेवलेलं आहे.

चौथा खड्डा पगाराचा. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, एक-दोन विषय राहतात आणि नेमका तेव्हाच मित्राचा फोन येतो : कुंडईला, वेर्ण्याला औषध कंपनीत कंत्राटदार माणसं घेतोय, किंवा किनाऱ्यावर हंगाम चालू आहे, हॉटेलात ये. अठरा वर्षांच्या मुलाला पहिल्या पगाराचा आकडा डोंगराएवढा वाटतो. नोकरी वाईट असं त्याला सांगू नका, त्याचेच चुलते तिथे आहेत. त्याच कंपनीत बी.एस्सी. रसायनशास्त्र करून लागलेला गावातला एखादा मुलगा शोधा आणि दोघांना तासभर बसवा. कंत्राट, कायम, शिफ्ट, बढती हा हिशेब तो तुमच्या-माझ्यापेक्षा नेमका मांडील. राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत सोडवता येतात, वर्ष फुकट जात नाही, हेही त्याच वेळी सांगायचं. कितीतरी मुलं ‘नापास’ हा शब्द शाळेतल्या अर्थाने घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल या भीतीने सोडून देतात.

आणि जी आधीच घरी येऊन बसली आहेत त्यांचं? त्यांनाही यादीत घ्या. नव्या धोरणाच्या आराखड्यात पहिलं वर्ष पूर्ण करून चाळीस श्रेयांक (क्रेडिट) आणि उन्हाळ्यातला चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यास किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मिळवलेले श्रेयांक ‘श्रेयांक बँक’ नावाच्या खात्यात जमा राहतात. ‘बाहेर पडायची सोय’ हा भाग मला स्वतःला फारसा रुचलेला नाही, कारण ही सोय कुणाची मुलं वापरणार ते उघड आहे. पण परत यायचं दार त्याच कागदात आहे, तर ते वापरू या. गेल्या दोन वर्षांत सोडलेल्यांच्या घरी दोघांनी जायचं, सोबत कॉलेजचा प्रवेशाचा कागद न्यायचा आणि तिथेच बसून विचारायचं की कुठल्या सत्रापर्यंत झालं होतं. गुणपत्रिका बघितल्या की पुष्कळदा दोनच विषय अडलेले निघतात. ज्यांना रोज जाणं शक्यच नाही, नोकरी सोडता येत नाही, त्यांना इग्नू या मुक्त विद्यापीठाची, घरबसल्या शिकून मिळणारी पदवी आहे. तिचा अर्जही शेजारी बसूनच भरायचा.

सुरुवात दादा-तायांची नावं ठरवण्यापासून करा, पैसे नंतर. चारच जण तयार झाले तर पहिल्या वर्षी बाराच मुलं घ्या, बाकीच्यांना कागद तपासायच्या रविवारी बोलवा. आणि तयार झालेल्या प्रत्येकाकडून तीन वर्षांचा शब्द घ्या. पहिल्या वर्षीच्या उत्साहावर कुणी मूल घेऊन दुसऱ्या वर्षी फोन उचलेनासा झाला, तर त्या मुलाला तो नसलेलाच बरा होता.